बदल रेटायचा की थांबायचे? ऊसतोड पट्ट्यातील एका शिक्षिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेतील आहे. गाव, तालुका आणि व्यक्तींची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटू शकेल असे काही किरकोळ तपशील बदलले आहेत. ज्या शिक्षिकेचे हे प्रकरण आहे त्यांना गावात सगळे 'बाई' म्हणतात, म्हणून येथेही तोच उल्लेख ठेवला आहे. शिक्षकांच्या एका अभ्यासगटाचे काम पाहत असल्यामुळे या घडामोडी मला जवळून पाहता आल्या आणि बाईंच्या संमतीने त्या येथे मांडल्या आहेत.

शाळा पहिली ते पाचवीची, पट १०४. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार ९१ ते १२० पटाला चार शिक्षक लागतात. या शाळेतही चार पदे मंजूर होती, परंतु एक पद बरीच वर्षे रिक्त असल्याने पाच वर्ग तिघांवर चालत होते. पट दीडशेच्या आत असल्यामुळे स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद मिळत नव्हते. सेवेने ज्येष्ठ असलेले शिक्षक प्रभारी मुख्याध्यापक होते आणि कार्यालयीन कामकाज सांभाळून पाचवीचा वर्गही तेच घेत. तिसरी-चौथी एका स्थानिक गुरुजींकडे होती. ते शेजारच्याच गावचे, शेती असलेले, निवृत्तीपर्यंत याच परिसरात राहणार हे ठरलेले. पहिली-दुसरी बाईंकडे. २०१८ च्या ऑनलाइन बदल्यांत त्या येथे आल्या, तेव्हा शाळा अवघड क्षेत्रात, म्हणजे बदल्यांसाठी दुर्गम मानलेल्या गावांत, मोडत होती.

गावातील जवळजवळ निम्मी कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे दोघांनाही जावेच लागते. मागे आजी-आजोबा असतील तर मुले राहतात, नसतील तर सोबत जातात. आठ-दहा वर्षांची मुलगी फडात गेली की धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करते, आणि शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे पाच महिने रेघ येते. त्यावरचा सरकारी उपाय म्हणजे हंगामी वसतिगृह. शाळा व्यवस्थापन समितीने गावातच ते चालवायचे, मुलांना सकाळ-संध्याकाळचे जेवण द्यायचे आणि रात्री मुलांनी नातेवाइकांकडे झोपायचे, अशी या शाळेतील पद्धत होती. निधी उशिरा येत असे, तोवर किराणा उधारीवर चाले, आणि ती उधारी दुकानदार बाईंच्या नावावर लिहीत असे, कारण त्याचा विश्वास बाईंवर होता.

कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये बंद पडलेले पहिली ते चौथीचे ग्रामीण वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, तेव्हा बाईंनी प्रत्येक मुलाला एक गोष्ट वाचायला दिली. चौथी-पाचवीतल्या मुलांपैकी निम्म्यांना परिच्छेद वाचता येत नव्हता आणि काही जण शब्दावरच अडत होते. तेथून वाचनतासाची कल्पना निघाली. परिपाठानंतर दीड तास इयत्ता विसरायच्या आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांचे अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट असे गट करून तिन्ही शिक्षकांनी एकेक-दोनदोन गट घ्यायचे. ही पद्धत बाईंनी शोधून काढलेली नव्हती. स्तरानुसार गट करून शिकवण्याचे काम महाराष्ट्रात आणि बाहेरही अनेक ठिकाणी झाले आहे, आणि साताऱ्यातील कुमठे बीटच्या, म्हणजे तिथल्या शाळागटाच्या, शाळा पाहून आलेल्या शिक्षकांकडून त्यांनी बरेच ऐकले होते. त्यांचे स्वतःचे असे काही असेल तर वाचनकार्डे. गावातल्या लग्नपत्रिका गोळा करून त्यांच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मुलांच्याच तोंडची वाक्ये लिहिली होती: 'आमची गाडी रात्री निघाली.' 'म्हातारीनं भाकर बांधून दिली.' पुढच्या बाजूला गणपती आणि वर-वधूंची नावे, मागच्या बाजूला पाठ. एका पत्र्याच्या पेटीत ही कार्डे रंगीत दोऱ्यांनी स्तरनिहाय बांधलेली असत आणि हंगामाच्या मध्यावर परत आलेले मूल कुठल्या दोऱ्यापासून सुरू करणार, हे तिथल्या तिथे ठरवता येई.

२०२२-२३ मध्ये हे चांगले चालले. मार्चअखेर शब्दावर अडणारी मुले मोजकी उरली. केंद्राच्या, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत बाईंनी मांडणी केली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

समस्या कशी वाढत गेली

पहिली कुरबुर जून २०२३ मध्ये झाली. पाचवीचा अभ्यासक्रम मागे पडतो, अशी मुख्याध्यापकांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. दीड तास दररोज गेल्यावर गणित आणि परिसर अभ्यास उरलेल्या वेळात बसवावे लागत. गुरुजींचा आक्षेप वेगळा होता. त्यांच्या वर्गातली मुले कोणत्या गटात आहेत हे बाई ठरवत, दर शनिवारी बाईच तपासत आणि तक्त्यावर लिहीत. एका बैठकीत ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही उद्या बदलून जाल. आम्हाला हितंच राहायचंय. गावाला उत्तर आम्हीच द्यायचं." या वाक्याकडे त्या वेळी टोमणा म्हणून पाहिले गेले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील ते सर्वात नेमके निरीक्षण होते, आणि त्याकडे पुढे परत यावे लागेल.

त्या वर्षी शाळेबाहेरून येणाऱ्या कामांनी कळस गाठला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावरून राज्यभर शिक्षकांचा बहिष्कार आणि वाद झाला. शाळांच्या माहितीच्या यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवरील नोंदी आणि मुलांच्या आधार पडताळणीच्या चुका दुरुस्त करण्याचे काम सुरूच होते. नोव्हेंबरमध्ये पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे किंवा केळे देण्याचा निर्णय आला, म्हणजे खरेदी, वाटप आणि नोंदवही आली. १ जानेवारी २०२४ पासून 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान सुरू झाले, ज्यात प्रत्येक उपक्रमाचे फोटो व माहिती चढवायची होती, आणि २३ जानेवारीपासून राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघर फिरू लागले. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांशिवाय इतर अशैक्षणिक कामांना मनाई करते, हे प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ असते. परंतु 'आज सायंकाळी ५ वाजेपर्यंत लिंक भरावी, निरंक असल्यास निरंक कळवावे' असा संदेश व्हॉट्सॲप गटावर आला की कलम कोणी काढत नाही. तिघांत मोबाइल आणि संगणक सराईतपणे हाताळणाऱ्या बाई एकट्याच होत्या, त्यामुळे 'मॅडम, तेवढं बघा ना' म्हणत ही कामे त्यांच्याकडे सरकत गेली.

डिसेंबरपासून बाईंच्या वागण्यात फरक पडल्याचे घरच्यांनी पाहिले. रविवारी दुपारनंतर त्या कोणाशी बोलेनाशा झाल्या. पहाटे तीनला जाग येई आणि किराण्याच्या उधारीची बेरीज डोक्यात फिरू लागे. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली. शाळेत त्या पूर्वीइतक्याच वेळेवर जात, कार्डांची पेटी मात्र दिवसेंदिवस बंद राहू लागली.

अभ्यासगटात त्यांनी जी गोष्ट सांगितली ती याहून गंभीर होती. जानेवारीतल्या एका शनिवारी गटतपासणीचा तक्ता भरायचा होता, कारण अभियानासाठी त्याचा फोटो हवा होता. बाई सर्वेक्षणाच्या प्रशिक्षणाहून थेट शाळेत आल्या होत्या आणि मुले घरी गेलेली होती. त्यांनी खुर्ची भिंतीजवळ ओढली, डिसेंबरचे आकडे समोर ठेवले आणि प्रत्येक गटातून दोन-तीन नावे वरच्या स्तरावर चढवून जानेवारीचा रकाना पूर्ण केला. कोणाचेही वाचन न ऐकता. फोटो गेला, वरून अंगठ्याचे चिन्ह आले. 'ज्या तक्त्यासाठी मी गुरुजींशी भांडले, तो मीच खोटा भरला, आणि भरताना मला काहीच वाटलं नाही,' असे त्या म्हणाल्या. वाईट वाटले नाही याचीच त्यांना भीती वाटत होती.

त्यांचा प्रश्न स्पष्ट होता: बदलीची संधी आली की निघून जावे, की अजून एक वर्ष रेटून पाहावे?

प्रश्न नेमका कशाचा होता

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचे जे वर्णन केले, त्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. संघटना याला आजार म्हणत नाही, तर व्यवस्थित न हाताळल्या गेलेल्या कामाच्या दीर्घ ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणते. बाईंच्या बाबतीत तिन्ही गोष्टी दिसत होत्या. परंतु एवढ्याने काय करावे हे कळत नाही. क्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकेल लायटर या मानसशास्त्रज्ञांनी नोकरीच्या जागी तपासण्यासाठी सहा क्षेत्रे सांगितली आहेत, ती येथे अधिक उपयोगी पडली: कामाचा भार, कामावरील ताबा, मोबदला व दाद, सहकाऱ्यांचा समूह, न्याय्य वागणूक आणि मूल्ये.

या सहा क्षेत्रांवरून नजर फिरवताना असे दिसले की भार सर्वांत डोळ्यांत भरणारा असला तरी दुखणे फक्त तेवढेच नव्हते. २०२२-२३ मध्येही भार काही कमी नव्हता, तरी बाई उत्साहात होत्या. मधल्या काळात बदलले ते दोन ठिकाणी. एक म्हणजे ताबा: वसतिगृहाचा हिशेब, दुसऱ्यांच्या वर्गातील मुलांचे वाचन आणि शाळेची ऑनलाइन प्रतिमा या तिन्हींची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि यातील एकाही बाबतीत निर्णयाचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. दुसरे म्हणजे मूल्ये: मूल खरोखर वाचते का, हे पाहण्यासाठी उभा केलेला तक्ता फोटोसाठीचा कागद झाला होता. विश्रांतीने पहिल्या दुखण्यावर थोडा आराम पडतो, दुसऱ्यावर पडत नाही. 'थोडी सुट्टी घ्या, बरे वाटेल' हा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो, म्हणून हे सांगणे आवश्यक वाटते.

अभ्यासगटाने त्यांना एक आठवडाभर वहीत दोन रकाने ठेवायला सांगितले: मुलांसमोर गेलेली तासिका आणि इतरत्र गेलेली तासिका. त्या आठवड्यात अकरा तासिका इतरत्र गेल्या होत्या, आणि त्यांतल्या सात अशा कामांत, जी नियमाने त्यांची नव्हतीच. शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य-सचिव मुख्याध्यापक असतात, त्यामुळे वसतिगृहाचा पत्रव्यवहार आणि हिशेब त्यांच्याकडे असायला हवा होता. तो बाईंकडे आला कारण त्या 'नाही' म्हणाल्या नाहीत, आणि मुख्याध्यापकांनी त्यांना थांबवले नाही, कारण तेही आपल्या परीने बुडतच होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बदलीचा. अवघड क्षेत्रात तीन वर्षे पूर्ण केल्यामुळे बाई बदली अधिकारप्राप्त संवर्गात, म्हणजे बदली मागण्याचा हक्क असलेल्या शिक्षकांत, येत होत्या. त्यांच्या पतीची नोकरी तालुक्याच्या गावी होती आणि मुलगी नववीत होती. घरच्या दृष्टीने बदली हा सरळ आणि न्याय्य मार्ग होता. अडचण अशी की पुढची फेरी कधी निघेल याचा नेम नव्हता. पोर्टल उघडणार, उघडणार अशा वावड्या रोज गटावर येत. 'आता काय, जायचंच आहे' या मनःस्थितीत अनिश्चित काळ काढणे हे राहण्याहूनही थकवणारे आणि जाण्याहूनही निष्फळ ठरते, असे मी इतर शिक्षकांच्या बाबतीतही पाहिले आहे. शिवाय अधिकार हा काही एका वर्षात वाया जाणारा नव्हता. तो पुढच्या फेरीतही वापरता येणार होता.

दुसरा पर्याय 'आपला वर्ग, आपलं काम' हा. बाहेरचे सारे सोडायचे आणि पहिली-दुसरी नीट शिकवायची. शिक्षकांच्या गप्पांत या भूमिकेला पळपुटेपणा मानले जाते. मला ते मान्य नाही. पहिली-दुसरीचे वाचन पक्के करणारी शिक्षिका ही शाळेतील सर्वांत मोठी सुधारणा असू शकते, आणि निपुण भारत अभियानाचा भरही नेमका तिसरीपर्यंतच्या वाचन व गणनावर आहे. मात्र बाईंना डाचत होती ती चौथी-पाचवीतली मुले, जी कोरोनात पहिली-दुसरीत होती आणि ज्यांच्यासाठी वेळ झपाट्याने संपत होता.

गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करण्याचा विचार एका सहकाऱ्याने मांडला. तो फार काळ टिकला नाही. रिक्त पद त्यांच्या हातात नव्हते आणि तक्रारीचा सगळा रोख शेवटी प्रभारी मुख्याध्यापकांवर आला असता. दीर्घ वैद्यकीय रजेचा पर्यायही होता. अर्धवेतनी रजा वर्षाला वीस दिवस जमा होते, आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिचे परिवर्तित रजेत रूपांतर केले तर दुप्पट दिवस खर्ची पडतात, पण पूर्ण वेतन मिळते. बाईंच्या खात्यावर पुरेशी रजा शिल्लक होती. प्रश्न पाच वर्ग दोघांवर टाकण्याचा होता, आणि या अपराधभावामुळे त्यांनी डिसेंबरपासून एकही दिवस रजा काढली नव्हती.

शेवटचा पर्याय अभ्यासगटातल्या चर्चेतून हळूहळू आकाराला आला: बदलाचा आवाका कापून लहान करायचा. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे भावनेवर न ठरवता, ज्यावर स्वतःचा ताबा आहे ते ठेवायचे, जे दुसऱ्याच्या अधिकाराचे आहे ते त्याला लेखी आणि समोरासमोर परत द्यायचे, आणि ज्याला वाली नाही ते सोडल्यावर मुलांचे काय नुकसान होईल, ते डोळ्यांआड न करता आधीच लिहून ठेवायचे.

निर्णय आणि कृती

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, सर्वेक्षण संपताच, बाईंनी तीन आठवड्यांची परिवर्तित रजा घेतली. रजेत बदलीबाबत कोणताही निर्णय करायचा नाही, असे त्यांनी पतीशी बोलून ठरवले. जिल्हा रुग्णालयातील समुपदेशकाकडे त्या दोनदा गेल्या. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही त्यांना दिला होता, पण फोनवर बोलण्यापेक्षा समोर बसून बोलणे त्यांना सोपे गेले. मुख्याध्यापकांनी दुसरी आणि तिसरी एकत्र बसवून रजेचे दिवस काढले. शाळा कोलमडली नाही. हे पाहून त्यांना दिलासा मिळाला आणि थोडे वाईटही वाटले, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले.

परतल्यावर पहिले काम मुख्याध्यापकांशी बोलण्याचे होते आणि तेच सर्वांत अवघड गेले. बाईंनी आरोप केला नाही. वहीतले दोन रकाने समोर ठेवले आणि म्हणाल्या, "सर, वसतिगृहाचा हिशेब तुमच्याकडे आणि अध्यक्षांकडे असू द्या. मी यापुढे करणार नाही. मार्चअखेरपर्यंतची उधारी मी लिहून आणली आहे." मुख्याध्यापक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी स्वतःची अडचण सांगितली: त्यांना ऑनलाइन नोंदींचे पोर्टल चालवता येत नव्हते आणि तसे कबूल करायची लाज वाटत होती. पुढचे दोन शनिवार बाईंनी त्यांना आणि अध्यक्षांच्या बारावी झालेल्या मुलीला नोंदी करायला शिकवले. किराण्याचे खाते समितीच्या नावावर झाले. रोजची माहिती चढवण्याचे काम तिघांनी आठवड्याच्या पाळीने वाटून घेतले.

वाचनतासाचा निर्णय गुरुजींच्या जुन्या वाक्यावरून झाला. बाई जाणार आणि ते राहणार, हे खरे असेल, तर गुरुजींच्या वर्गातले गट गुरुजींनीच ठरवायला हवेत. बाईंनी शनिवारची तपासणी बंद केली आणि भिंतीवरचा तक्ता काढला. तिसरीची कार्डे दोऱ्यांसकट गुरुजींच्या कपाटात गेली, कशी वापरायची याची कोणतीही अट न घालता. चौथी-पाचवीचा सामाईक तास थांबवला. त्याऐवजी बाई आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर अर्धा तास पाचवीतल्या, शब्दावर अडणाऱ्या नऊ मुलांना घेऊ लागल्या, आणि तेही फक्त एप्रिलअखेरपर्यंत. जानेवारीच्या खोट्या रकान्याबद्दल त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितले, त्या मुलांचे वाचन पुन्हा ऐकले आणि खरे स्तर लाल शाईने लिहून सही केली. वर काही कळवायचे की नाही हे मुख्याध्यापकांवर सोडले. त्यांनी कळवले नाही.

परिणाम

पहिली-दुसरीचा वर्ग स्थिरावला. तिसरीत घडले ते कोणालाही अपेक्षित नव्हते. जूनमध्ये गुरुजींनी कार्डे बाहेर काढली, पण स्वतःच्या पद्धतीने. दीड तासाऐवजी पाऊण तास, आणि गटांना स्तरांऐवजी बैलांची नावे. शाळेच्या भिंतीपलीकडे ज्यांची शेते आहेत अशा दोन आजोबांना ते मुलांचे वाचन ऐकायला बसवू लागले. जे बाईंना दोन वर्षांत रुजवता आले नव्हते, ते तपासणी काढून घेतल्यावर टिकले. हे खरे असले तरी दोन वर्षे गुरुजींनी ते रोज पाहिले नसते तर ते उचललेच नसते, हेही तितकेच खरे वाटते.

पाचवीतल्या नऊपैकी पाच मुले अडखळत का होईना परिच्छेद वाचू लागली. चार मुले तशीच सहावीसाठी शेजारच्या गावच्या शाळेत गेली. सामाईक तास चालू राहिला असता तर त्यांपैकी किती जण वाचू शकले असते, हे सांगता येणार नाही, परंतु काही जण निश्चित वाचले असते. थांबण्याची किंमत कोणीतरी मोजते, आणि या प्रकरणात ती या चार मुलांनी मोजली.

वसतिगृहाचे चित्र अधिक संमिश्र आहे. २०२४-२५ च्या हंगामात ते उशिरा सुरू झाले. आदल्या वर्षी चार मुले आई-वडिलांसोबत गेली होती, या वेळी अकरा गेली. बाईंनी हिशेब सोडला म्हणून हे झाले, असे गावातले काही जण म्हणतात. त्याच सुमारास विधानसभेची निवडणूक होती, २० नोव्हेंबरच्या मतदानासाठी शिक्षक कामात अडकले होते, आणि समितीची मुदत संपून नवी समिती बनत होती. त्यामुळे सगळे खापर एका कारणावर फोडता येत नाही. तरीही काम बाईंकडे असते तर त्यांनी ऑक्टोबरमध्येच घरोघर जाऊन आज्यांना गळ घातली असती, आणि काही मुले राहिली असती, हे नाकारण्यात अर्थ नाही. डिसेंबरमध्ये अध्यक्षांच्या मुलीने वसतिगृह सुरू केले. त्यानंतर, गेलेल्यांपैकी तीन मुले परत आली.

या सगळ्यात एक गोष्ट अशी घडली, जिचे श्रेय कोणाच्याच नियोजनाला देता येत नाही. २०२४ मध्ये पवित्र पोर्टलच्या भरतीतून शाळेला चौथा शिक्षक मिळाला. पाच वर्ग चौघांत वाटले गेले आणि ऑनलाइन कामाची पाळी महिन्यातून एकदा येऊ लागली. बाईंची झोप परत आली, गोळी मात्र सुरूच आहे. त्यांना बरे वाटण्यात रजेचा, आवाका कापण्याचा आणि चौथ्या शिक्षकाचा वाटा नेमका किती, हे वेगळे काढता येत नाही. असे प्रकरण वाचून 'नाही म्हणायला शिका म्हणजे झाले' असा निष्कर्ष कोणी काढू नये, म्हणून हे मुद्दाम नोंदवत आहे. पद रिक्तच राहिले असते तर लहान केलेला आवाकाही कदाचित झेपला नसता.

बदलीसाठी बाईंनी पुढच्या फेरीत अर्ज केला. मुलीचे अकरावीचे वर्ष हे कारण त्यांनी आम्हाला सांगितले आणि ते मला पूर्ण पटते. फरक एवढाच की जानेवारी २०२४ मध्ये अर्ज भरला असता तर तो त्या शाळेपासून सुटण्यासाठी भरला गेला असता.

काय वेगळे करता आले असते

पहिला निर्णायक क्षण जून २०२३ चा. दोन्ही सहकाऱ्यांच्या तक्रारी तेव्हाच वेगवेगळ्या ऐकून घ्यायला हव्या होत्या. मुख्याध्यापकांचा प्रश्न वेळापत्रकाचा होता आणि गुरुजींचा अधिकाराचा. दीड तासाचा पाऊण तास करणे आणि गट ज्याच्या त्याने ठरवणे, या दोन सवलतींनी दोघेही राहिले असते, कदाचित चौथी-पाचवीसह. बाईंना तेव्हा ही पातळी उतरवणे म्हणजे उपक्रम पातळ करणे वाटले. एखादा उपक्रम यशस्वी झाल्यानंतरच्या वर्षी तो जसाच्या तसा राखण्याचा आग्रह सर्वाधिक असतो, आणि नेमके त्याच वर्षी तो दुसऱ्यांच्या हाती देणे गरजेचे असते.

दुसरा क्षण किराण्याच्या उधारीचा. दुकानदाराने पहिल्यांदा बाईंचे नाव लिहिले तेव्हा ती सोय होती. दुसऱ्या हंगामात ती पद्धत झाली. समितीच्या पहिल्याच बैठकीत ठराव करून खाते समितीच्या नावावर केले असते, तर २०२४ मधले हस्तांतरण इतके एकदम आणि इतके उशिरा करावे लागले नसते, आणि त्या हंगामात अकरा मुले बहुधा गेली नसती. वसतिगृह सोडण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. तो उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवून, ऑगस्टच्या समिती बैठकीत नोंदवून आणि ऑक्टोबरच्या घरभेटींची जबाबदारी नावानिशी ठरवून अमलात आणायला हवा होता. हिशेब हस्तांतरित झाला, घरभेटी कोणाकडेच गेल्या नाहीत, कारण त्या कुठल्याच नोंदवहीत नव्हत्या.

तिसरी बाब पर्यवेक्षणाची. केंद्रप्रमुखांनी त्या वर्षी शाळेला भेटी दिल्या, शेरेबुकात 'उपक्रमशील शाळा' असे लिहिले आणि बाईंचे कौतुक केले. एकाही भेटीत हा उपक्रम किती जणांच्या खांद्यावर आहे, हे विचारले गेले नाही. कौतुकाने बाईंवरील भार आणखी पक्का केला, कारण त्यानंतर तालुक्याची प्रत्येक लिंक 'त्या मॅडम करतात' म्हणून त्यांच्याकडेच आली. शेरेबुकात उपक्रमाच्या नावाबरोबर तो चालवणाऱ्या सर्वांची नावे लिहिण्याची पद्धत आमच्या अभ्यासगटातील दोन केंद्रप्रमुखांनी आता सुरू केली आहे. एकच नाव येत असेल, तर पुढच्या भेटीत ते आधी मुख्याध्यापकांशी बोलतात.

बाईंच्या शाळेत सध्या एक काम शिल्लक आहे. वर्षाखेरीस त्या कार्यमुक्त होण्यापूर्वी ऑक्टोबरच्या घरभेटींसाठी कोणत्या घरात कोण निर्णय घेते, याची यादी त्या नव्या शिक्षकासोबत बसून करत आहेत. बहुतेक घरांत ते नाव आजीचे आहे.